युगांडाला निघण्याआधी

किन्हवली, ता. शहापूर

चि. सोनूस,


तुम्ही तिघी मैत्रिणी युगांडाला निघालात, हे ताईने फोनवर सांगितलं. तिला काळजी लागलीय, मला मात्र आनंद झाला. पण तू पाठवलेला बेत वाचला आणि कपाळावर हात मारला. दहा दिवसांत युगांडा, रवांडा, केनिया, आणि जमलं तर टांझानियाही! अगं, कंपालाहून गोरिलांच्या ब्विंडी जंगलात पोचायलाच आठ-दहा तास गाडीत बसावं लागतं. तीन देशांचा एकत्र व्हिसा शंभर डॉलरला मिळतो म्हणून तीन देश पाहिलेच पाहिजेत, असं कुणी सांगितलं? एकच देश धर. त्यातलीही दोन-तीन ठिकाणं, बस्स.

आधी पासपोर्ट बघ. प्रवासाच्या तारखेपासून पुढे निदान सहा महिने तो चालू हवा. तुझ्या एका मैत्रिणीचा अजून काढायचा आहे ना? मग वागळे इस्टेटच्या केंद्राची तारीख तिने आजच घ्यावी. त्यानंतर पोलिसांची पडताळणी होते. पोलीस घरी येतात तेव्हा माणूस कंपनीत पाळीवर असतो आणि कागद पडून राहतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तिकिटाच्याही आधी लस. युगांडात शिरताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावंच लागतं. ही लस गल्लीतला डॉक्टर देत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिथे तारखेसाठी थांबावं लागतं. टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. अंड्याची जबर ॲलर्जी असेल किंवा दुसरं कुठलं मोठं दुखणं असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि कार्ड परतीपर्यंत जपायचं. ते नसेल तर मुंबईला उतरल्यावर आपलेच लोक सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

हिवतापाला आपण मुरबाड-शहापूरची माणसं फारसं भीत नाही. तिथला मलेरिया मात्र जिवावर बेततो. जायच्या आधीपासून सुरू करून परत आल्यावरही घ्यायच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारून ठरव. मी युगांडात जिंजाजवळ नोकरीत असताना नवी आलेली मुलं आठवडाभर गोळ्या घ्यायची आणि मग विसरायची. मच्छरदाणीत झोप, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, की मी युगांडाला जाऊन आलेय. इबोलाचीही माहिती ठेव. २०२२ मध्ये साथ आली होती, २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा आली. दोन्ही वेळा ती आटोक्यात आली, पण निघायच्या आधी आपल्या आरोग्य खात्याची सूचना आणि कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयाची पानं बघून घे.

तू काळू नदीत पोहायला शिकलीस. पाणी दिसलं की तुला राहवत नाही, म्हणून हे वेगळं लिहितो. व्हिक्टोरिया सरोवर किनाऱ्यावरून फार सुंदर दिसतं, पण त्यात उतरायचं नाही. काठच्या गोगलगायींतून बाहेर पडलेले बारीक कृमी पाण्यातून थेट कातडीवाटे अंगात शिरतात. बिलहार्झिया म्हणतात त्या रोगाला. लगेच काही जाणवत नाही, आणि तीच त्याची खोड.

आता दिवस कुठले. तिथे मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत असा दोनदा पाऊस असतो. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी वाया. जून-जुलै तिथे कोरडे, पण तेव्हा तुमच्या घरी भाताची आवणी. तुला कोण सोडणार? जानेवारी-फेब्रुवारी बघ. पौषी पौर्णिमेची म्हशाची जत्रा चुकवलीस तर ताई बोलत बसेल, म्हणून जत्रा उरकून निघ. जत्रेतली घोंगडी घेऊन जा असं सांगत नाही, पण स्वेटर मात्र घे. विषुववृत्त म्हटलं की लोक उकाडा धरून चालतात. कंपाला अकराशे-बाराशे मीटर उंचीवर आहे, ब्विंडी त्याहून वर. रात्री चांगलाच गारवा असतो.

गोरिला बघायचेच असतील तर त्याचा परवाना आधी काढ आणि विमानाच्या तारखा त्याभोवती बसव. उलटं करू नकोस. परदेशी माणसाला एका परवान्याचे आठशे डॉलर पडतात. गोरिलांच्या एका कुटुंबापाशी दिवसाला आठच माणसं सोडतात, तीही तासभर. सर्दी-खोकला असेल तर परत पाठवतात, कारण आपला आजार त्यांना लागतो. जगातल्या डोंगरी गोरिलांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या ब्विंडीत आहेत, तेव्हा ही कडक शिस्त मला पटते. पैसे जास्त वाटले तर गोरिला सोड आणि मर्चिसन धबधब्याला जा. सगळी नाईल सात-आठ मीटरच्या खिंडीतून घुसते आणि त्रेचाळीस मीटर खाली कोसळते. माझ्या मते तोच सौदा बरा.

देशाला समुद्र नाही, ही गोष्ट नकाशात साधी दिसते. तिथे राहिलं की कळते. पेट्रोल, औषधं, यंत्रांचे भाग, बहुतेक सगळं केनियाच्या मोंबासा बंदरातून अकराशे किलोमीटर आत येतं. २००८ च्या जानेवारीत केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या, लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले आणि इकडे कंपालात पेट्रोलला रांगा लागल्या. कसारा घाट चार तास बंद पडला की शहापुरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. तिथे देशच घाटाच्या पलीकडे आहे. म्हणून रोजची औषधं, चष्मा, सॅनिटरी पॅड, मोबाइलची बॅटरी हे इथून ने. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचा लागतो. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या हव्यात. जुन्या छपाईच्या नोटा दुकानदार घेत नाहीत, घेतल्या तर भाव पाडून घेतात.

त्या मोंबासाच्या रेल्वेची गोष्ट तुला शाळेत कुणी सांगितली नसेल. आपल्या कसाऱ्याच्या घाटातून गाडी गेली १८६५ मध्ये. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९६ ते १९०१ या काळात, ब्रिटिशांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले आणि त्यांतले अडीच हजार तिथेच मेले. मागून व्यापारी गेले, दुकानं आली, साखर कारखाने आले. मग १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. अमीन क्रूर होता यात वाद नाही. पण तिथल्या माणसांशी नोकर आणि गिऱ्हाईक यापलीकडे संबंध न ठेवणारे आपले लोकही पुष्कळ होते. औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. युगांडाही त्यांच्याच कक्षेत होता. आफ्रिकी माणसांबरोबर उठबस ठेवा असा आग्रह या मराठी माणसाने धरला. तो सगळ्यांच्या पचनी पडला नाही.

तू तेवढं कर. रोज भारतीय हॉटेलात डाळ-भात शोधत फिरू नकोस. वाफवलेल्या हिरव्या केळ्यांचं माटोके खा, शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर. कुठे कालो मिळाला तर नक्की घे. तो आपल्या नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, कसाव्याचं पीठ घालून केलेला. बोटांनी तोडायचा, मध्ये अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कालवण भरून खायचा. आजी वरकसावर पेरायची ती नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी तिकडून इकडे आलेली. तिथल्या बायकांना हे सांग, गप्पा आपोआप सुरू होतील.

फोटो विचारून काढ, लहान मुलांचे तर मुळीच नको. उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरपुढे उभ्या असलेल्या पोरींचे फोटो शहरातली मंडळी कशी काढतात, आणि तुला किती राग येतो, हे मी पाहिलंय.

जिंजाला नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग १९४८ मध्ये तिथे सोडला होता, त्यांचा पुतळाही आहे. तिथे जरा वेळ बस. १९२९ च्या एका कराराने, इजिप्तला विचारल्याशिवाय वरच्या देशांनी या पाण्यावर बांधकाम करायचं नाही असं ठरलं. करार केला ब्रिटिशांनी, युगांडाला कुणी विचारलं नव्हतं. वरच्या देशांनी २०१० मध्ये एंटेबेला नवा करार मांडला, इजिप्तला तो आजही मान्य नाही. आपल्याकडचं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, पुढे भातसाही देऊ लागलं, आणि शहापूरचे पाडे एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघतात. तिथल्या कुणाशी या विषयावर बोललीस, तर ऐकलेलं मला लिहून कळव. गोरिलांचे फोटो नंतर पाठवलेस तरी चालेल.

मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सचं थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. तारखा ठरवताना ते आहे का बघ, नाहीतर आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जा. व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, एजंटाला जादा पैसे देऊ नकोस. मोटारसायकलच्या टॅक्सीवर हेल्मेटशिवाय बसायचं नाही, रात्री तर मुळीच नाही. ताईला रोज एक निरोप टाकायचा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हे लक्षात ठेव.

तिकीट अजून काढलं नसशील तर थांब. आधी तिघींनी लशीची तारीख घ्या आणि मला कळवा.

तुझा,
मामा