चेरीताल ते जर्मनी: पगारी पीएचडी शोधताना

युरोपात पीएचडी करायचं म्हटल्यावर जबलपूरमधल्या चेरीतालच्या आमच्या घरात बाबांनी आधी विचारलं, "कर्ज किती काढावं लागेल?" प्रश्न रास्त होता. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्याही कर्ज घेऊनच. मला एक रुपयाही काढावा लागला नाही, पण त्यासाठी दीड वर्ष शोधाशोध करावी लागली. आता जबलपूरची मुलंमुली फोन करून विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

१. तिकडे पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये संशोधक हा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. साधारण चार वर्षांचा करार, पगार, रजा, सगळं असतं. जर्मनीतल्या जाहिरातीत 'ई १३, ६५ टक्के' असं लिहितात. म्हणजे तेरावी वेतनश्रेणी आणि पूर्ण वेळेच्या ६५ टक्के पगार. मी ती गुणांची अट समजले आणि दोन चांगल्या जागा हातच्या घालवल्या. जाहिरात शब्द न् शब्द वाचा.

२. एजंटाला पैसे देऊ नका. आम्ही दिले. त्याने दिलेली यादी युरॅक्सेस या संकेतस्थळावर फुकट होती.

३. प्राध्यापकांना पहिले चाळीस मेल मी नाव बदलून तेच ते पाठवले. एकालाही उत्तर आलं नाही.

माझा विषय भूविज्ञान. नर्मदेच्या लम्हेटा घाटावरून ज्या थरांना नाव पडलं, ते थर बघतच मी शिकले. १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना डायनासोरची हाडं सापडली ती जबलपुरातच. पुढे १९३३ मध्ये इथल्या डायनासोरांवर मॅटली यांच्यासोबत ग्रंथ लिहिला तो जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या फॉन ह्युन यांनी. हे सगळं ठाऊक असून माझ्या अर्जात गावाचं नाव फक्त पत्त्यापुरतं होतं!

एक्केचाळिसाव्या मेलमध्ये जबलपूरच्याच बडा शिमला टेकडीवर मी स्वतः मोजलेल्या थरांचं रेखाटन जोडलं आणि त्या प्राध्यापकांच्या शोधनिबंधातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारला. मजकूर सहा ओळींचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण सहकाऱ्याची जाहिरात त्यांनीच पाठवली.

४. युरोपीय संघाच्या मारी क्युरी नेटवर्कच्या जागांना एक अट असते: आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. जर्मनीत नुकतीच एमएस्सी झालेली माझी मैत्रीण तिथल्या जागेसाठी याच अटीत अडकली. थेट जबलपूरहून जाणाऱ्याला ती आड येत नाही.

५. घरात मराठी बोललो तरी आपला रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती म्हणून आपल्याला मिळत नाही. पात्र असाल तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज बघा.

६. मुलाखतीची वेळ नीट मोजा. जर्मनी आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन.

माझी मुलाखत एप्रिलमधली, दुपारी अडीचची. ऐन वेळी लाइट गेली. मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप चालला. आई ओला टॉवेल घेऊन दाराशी उभी होती. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे मोजलेल्या त्या थराचा नमुना आहे?" टेबलावर हिरवट वालुकाश्म ठेवलेलाच होता. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या खुर्ची सरकवून पुढे झाल्या.