पाइपलाइन कंपनीचे कान कोण धरतो?

प्रश्न : माझ्या व्याह्यांची शेती मनमाडजवळ आहे. त्यांच्या रानातून मुंबईकडून येणारी पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन गेली आहे. त्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, आंबा लावायचा नाही, गोठ्याची भिंतसुद्धा घालायची नाही. मोडले तर तुरुंग, असे त्यांना सांगितले आहे. शेतकऱ्यावर एवढे नियम, मग कंपनीने हयगय केली तर तिला विचारणारे कोणी आहे का? सरकार खरेच तपासते, की नुसते शिक्के मारते?
– एक वाचक, देऊळगाव राजा

उत्तर : विचारणारे आहेत. एक नव्हे, चार आहेत, आणि निम्मी अडचण त्यातच आहे. पण आधी व्याह्यांच्या रानात काय पुरले आहे ते पाहू.

ही वाहिनी मुंबईत माहूलच्या भारत पेट्रोलियम रिफायनरीतून निघते, सह्याद्री चढते आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवर मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत येते. तिथून पुढे ती इंदूरजवळच्या मांगल्याला आणि थेट दिल्लीच्या वेशीवर बिजवासनला जाते. एकाच नळातून आधी पेट्रोल, मग त्याच्या मागे डिझेल असे ढकलले जाते. दोन मालांच्या सीमेवर जे थोडे मिसळते ते वेगळे काढतात. पानेवाडीत उतरवलेल्या मालाचा पुढचा प्रवास टँकरचा. जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनी तिथे चाके थांबवली, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील.

आता कायदा. पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा कायदा १९६२ चा आहे. यात सरकार जमीन घेत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, घेतला जातो तो जमिनीखालच्या पट्ट्याचा वापर. पट्टा साधारण १८ मीटर रुंद असतो. पहिली अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. एकदा ती मुदत टळली की बोलायला फारशी जागा उरत नाही. मोबदला मिळतो जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय उभ्या पिकाचे आणि झाडांचे नुकसान. बाजारभाव कोणत्या दिवसाचा? अधिसूचनेच्या. पुढे शेजारच्या गटाचा भाव दसपट झाला तरी या पट्ट्याला त्याचा उपयोग नाही, बंधने मात्र कायमची. कांदा, मका, सोयाबीन खुशाल घ्या; विहीर, तळे, बंधारा, इमारत आणि झाड चालत नाही. झाडाची मुळे पाइपच्या वेष्टनाला धरतात आणि विहिरीच्या सुरुंगाने काय होईल ते सांगायला नकोच.

तुरुंगाबद्दल मात्र व्याह्यांना अर्धवट सांगितले गेले आहे. पट्ट्यात बांधकाम केले, विहीर पाडली तर जिल्हा न्यायाधीश ते काढायला लावू शकतात आणि खर्च वसूल करू शकतात; मुद्दाम केले असेल तर थोड्या मुदतीची कैद किंवा दंडही होऊ शकतो. लांबचा तुरुंग आहे तो पाइपला चोरून जोड घेणाऱ्याला किंवा जाणूनबुजून तो फोडणाऱ्याला : २०११ च्या दुरुस्तीनंतर किमान ३ आणि कमाल १० वर्षे सक्तमजुरी. घातपात असेल तर शिक्षा फाशीपर्यंत जाते. ही कडक कलमे आली ती तेलचोरीमुळे. पानेवाडीच्या परिसराला या धंद्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे टँकरमधली भेसळ पकडायला गेले आणि त्यांना भरदिवसा जिवंत जाळले गेले. ते प्रकरण टँकरचे होते, पाइपचे नव्हते; पण ज्वालाग्राही मालाभोवती कसला पैसा फिरतो ते त्यातून दिसले.

आता तुमचा मूळ प्रश्न, कंपनीला विचारणारे कोण.

पहिले कार्यालय तुमच्या विदर्भातच आहे. नागपूरला पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय आहे. जुन्या लोकांना ते ‘एक्स्प्लोझिव्हचे ऑफिस’ म्हणून ठाऊक असेल. हा विभाग १८९८ पासूनचा. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम तो राबवतो. नवी पाइपलाइन टाकायची तर आराखडा इथे मंजूर व्हावा लागतो. दुसरे, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, १९८६ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाखाली स्थापन झालेले. भोपाळनंतरच्या धास्तीच्या दिवसांतले हे अपत्य. ते मानके लिहिते, पथके पाठवून सुरक्षा लेखापरीक्षण करते, अचानक तपासणीही करते. तिसरे, २००६ च्या कायद्याने आलेले पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, दिल्लीत. पाइपची जाडी, खोली, तपासण्या, आपत्ती आराखडा यांचे बंधनकारक विनियम या मंडळाचे आहेत. चौथे, जिल्हाधिकारी, अपघात कुंपणाबाहेर पसरला तर काय करायचे याचा आराखडा आणि रंगीत तालीम त्यांच्याकडे.

यांच्यापैकी दात कोणाला आहेत? संचालनालय शिफारस करते; जमिनीवरच्या पाइपलाइनला स्वतः दंड ठोकण्याचा अधिकार त्याला नाही. १९३४ च्या कायद्यातला दंड आजच्या भावात हसण्यासारखा आहे. खरा दंड मंडळाकडे : प्रत्येक उल्लंघनाला १ कोटी रुपयांपर्यंत आणि उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला १० लाखांपर्यंत अधिक. सामान्य माणसाला रक्कम मोठी वाटते. वर्षाला लाखो कोटींची उलाढाल करणाऱ्या तेल कंपनीच्या ताळेबंदात ती दिसणारही नाही. शिवाय भारत पेट्रोलियममध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा केंद्र सरकारचा, तपासणारे संचालनालय त्याच मंत्रालयाखालचे. जावयाने सासऱ्याचे हिशेब तपासावेत तसा हा मामला. तपासणारे अभियंते कामात कच्चे आहेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. रचनेतच संकोच आहे, एवढेच.

तरीही ‘नुसते शिक्के’ म्हणणे अन्यायाचे होईल. व्याह्यांच्या बांधाजवळ साधारण किलोमीटरभराच्या अंतराने एक छोटी पेटी असलेला खांब दिसेल. कधीतरी तिथे एक तंत्रज्ञ येतो. पेटी उघडतो, पाइपला जोडलेल्या तारेला व्होल्टमीटरचे एक टोक लावतो. दुसरे टोक असते हातभर नळीला. तिच्यात मोरचुदाचे निळे पाणी आणि तांब्याची कांडी, तळाशी सच्छिद्र बूच. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळलेली असेल तर आधी बाटलीभर पाणी ओततो, मग नळी मातीवर टेकवतो आणि आकडा वाचतो. तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असला पाहिजे. पाइपला मुद्दाम सौम्य वीजप्रवाह दिलेला असतो, त्यामुळे लोखंड गंजत नाही. तो प्रवाह पुरेसा पोहोचतो की नाही, हे त्या आकड्यावरून कळते. तुमच्याकडच्यासारखी काळी कापसाची जमीन या बाबतीत त्रासदायक. ओल धरते, म्हणून गंजाला पोषक. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइपचे वेष्टन ओढून फाडते. याखेरीज पाइपच्या आतून ‘पिग’ नावाचे यंत्र सोडून भिंतीची जाडी मोजली जाते, आणि वाहिनी सुरू करण्यापूर्वी तिच्यात पाणी भरून कमाल दाबाच्या निदान सव्वापट दाबाने ती तपासलेली असते. सरकारी अंमलबजावणी म्हणजे मुख्यतः या नोंदवह्या वेळच्या वेळी भरल्या का, आकडा घसरला तेव्हा काय केले, हे पाहणे.

नोंदवही असून कोणी वाचली नाही तर काय होते, ते आंध्र प्रदेशात नगरम गावाने २७ जून २०१४ रोजी पाहिले. ‘गेल’ची वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे होरपळून गेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या पाइपातून ओलसर, द्रव मिसळलेला वायू वाहत होता. पाइप आतून गंजत गेला. आधी गळती झाली, तिला तात्पुरते चिमटे लावून काम भागवले गेले होते. ही चूक एका रात्रीत झालेली नव्हती. वेळीच कोणी ‘हा वायू या पाइपातून का?’ असे विचारले असते, तर पुढचे टळले असते.

अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण तिथेही सारे आलबेल नाही. जुलै २०१० मध्ये मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजत होत्या, चालकांना वाटले आत तेलाचा प्रवाह तुटून पोकळी झाली असेल. त्यांनी दोनदा पंप पुन्हा सुरू केले. १७ तास गेले. ३० लाख लिटरहून अधिक तेल ओढ्यातून कालामझू नदीत उतरले. अखेर फोन आला तो एका स्थानिक गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याचा, म्हणजे बाहेरच्या माणसाचा. सरकारने कंपनीला ३७ लाख डॉलरचा दंड केला, आणि जानेवारी २०१२ मधल्या नव्या कायद्याने दंडाची कमाल मर्यादा दुप्पट झाली. पण मला तिथली हेवा वाटण्यासारखी गोष्ट दंडाची नाही. त्यांचे पाइपलाइन सुरक्षा प्रशासन कंपनीला पाठवलेली नोटीस, कंपनीचे उत्तर, शेवटचा आदेश आणि भरलेला दंड सारे संकेतस्थळावर कंपनीच्या नावानिशी उघडे ठेवते. शेतकरी असो की पत्रकार, कोणीही वाचावे. आपल्याकडे ज्याच्या रानातून पाइप जातो त्याला शेवटचे लेखापरीक्षण कधी झाले हे तलाठ्यापासून कंपनीच्या गस्तवाल्यापर्यंत कोणी सांगत नाही. माझ्या मते आपली खरी उणीव दंडाच्या आकड्यात नाही, या गुपचूपपणात आहे.

प्रश्न (याच पत्रातला) : आमच्या भागात अशी पाइपलाइन आहे का?

उत्तर : ‘गेल’च्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनीचा महाराष्ट्रातला बराचसा मार्ग समृद्धी महामार्गालगत आहे, आणि समृद्धी तुमच्या शेजारच्या सिंदखेडराजावरून जाते. ती नैसर्गिक वायूची, पेट्रोलची नव्हे. मात्र पट्ट्याचा कायदा तोच १९६२ चा आणि नियामक मंडळही तेच. त्या बाजूला शेत घेणाऱ्याने खरेदीखतापूर्वी सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा आणि पाइपलाइनच्या फलकांची रांग डोळ्यांनी पाहावी. तोंडी ‘काही अडचण नाही’वर विसंबू नये.

पाइपला धोका गंजाचा असतो, तसाच जेसीबीचा. शेततळे, नांगरणीपेक्षा खोल चर किंवा केबलची खोदाई असेल तर फलकावरच्या क्रमांकावर आधी कळवावे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲपही याचसाठी आणले आहे. रानात पेट्रोलचा वास आला, विहिरीच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला किंवा पट्ट्यावरचेच पीक अचानक करपले, तर मोटार सुरू करू नये, विडी पेटवू नये, वाऱ्याच्या उलट दिशेला दूर जाऊन मगच फोन लावावा : फलकावरचा क्रमांक आणि ११२. मार्शलच्या त्या फोनसारखा तो फोन कंपनीच्या पडद्यापेक्षा लवकर पोहोचू शकतो.

आणि व्याह्यांना सांगा, हक्काचे एक हत्यार त्यांच्याकडे आहे. भारत पेट्रोलियम, नागपूरचे पेसो, दिल्लीचे नियामक मंडळ ही तिन्ही माहिती अधिकाराखाली येतात. दहा रुपये शुल्काच्या अर्जात तीनच प्रश्न लिहावेत : आमच्या गावातल्या वाहिनीची पिगने तपासणी शेवटची कधी झाली, शेवटच्या लेखापरीक्षणातल्या किती शिफारशी अजून बाकी आहेत, जिल्ह्यात आपत्तीची रंगीत तालीम केव्हा झाली. सुरक्षेचे कारण देऊन नकाशा नाकारतील, तारखा नाकारायला सहसा कारण नसते. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही तर पहिले अपील करावे, आणि आलेले उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे.