कच्चे मडके पक्के कसे होते?

मुलांना शिकवावे कसे, हे ज्या संतकथेत उघड दिसते ती आम्हां तुळजापूरकरांच्या शेजारची आहे. गोरोबाकाकांचे तेर आमच्याच धाराशिव जिल्ह्यात. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले आणि संतमंडळींच्या डोक्यावर एकेक मारून पाहिले. नामदेवराय तेवढे रागावले. काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे!

येथवर कथा सर्वांस ठाऊक. पण वाचकहो, थापटण्याने नामदेवराय पक्के झाले काय? थापटण्याने कच्चेपण तेवढे कळले. परीक्षेचे काम इतकेच. पुढे ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तो विसोबा शिवपिंडीवर पाय टाकून निजलेले! नामदेवरायांनी हटकले, तेव्हा विसोबा म्हणाले, “बाबा, मी म्हातारा. जिथं पिंड नसेल तिथं माझे पाय तूच उचलून ठेव.” पाय जेथे ठेवावे तेथे पिंड उभी!

आता विचार करा. देव सर्वत्र आहे हे नामदेवरायांनी कधी ऐकले नव्हते काय? ऐकले होते. विसोबांनी तेच पुन्हा सांगितले नाही. काम दिले, ते त्यांच्याच हातांनी करविले, आणि ऐकलेले वाक्य तेव्हा कळले.

श्रुतीचीही हीच रीत. तैत्तिरीयोपनिषदात भृगू आपल्या पित्याला, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण खूण सांगतो आणि तप करून जाण म्हणतो. भृगू अन्न ठरवून येतो, मग प्राण, मग मन, मग विज्ञान. वरुण रागावत नाही, उत्तरही सांगून टाकीत नाही. चार वेळा परत धाडतो. पाचव्या खेपेस पोरगा आनंदापाशी पोचतो.

पाठांतराला आम्ही नावे ठेवीत नाही. पाठांतर ही माती. माती नाही तर मडके कशाचे घडवाल? पण श्रवणापुढे मनन आहे, त्यापुढे निदिध्यासन. १९१७ साली आळंदीस जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचा अभ्यास चार वर्षांचा. तो काळ उगीच नाही ठेवला. आज मोबाईलवर ऐकून पोरं महिन्यात चाल उचलतात, हातवारेसुद्धा. अर्थ विचारला की खाली बघतात. आणि एखाद्याने ‘असं का?’ म्हटलंच, तर आपण म्हणतो, ‘गप, पुढचं म्हण!’ तेथेच ते मूल मनाने पंगतीतून उठते.

म्हणून गावोगावच्या हरिपाठ वर्ग चालविणाऱ्यांना विनंती. रोज एकच ओवी घ्या. आधी अन्वय मुलाकडून लावून घ्या. मग विचारा, हाच शब्द येथे का? दुसरा घातला तर काय बिघडेल? हे तुझ्या घरी, शेतात कुठं दिसतं? उत्तर चुकले तर हसू नका. वरुणासारखे पुन्हा धाडा. तुम्हांसच येत नसेल तर म्हणा, ‘उद्या दोघं मिळून पाहू.’ त्याने मान जात नाही, मूल जवळ येते.

अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनीही अर्जुनास म्हटले, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. देव शिष्याच्या विचारासाठी थांबतो. मास्तरांनी दोन घटका थांबायला काय हरकत आहे?