न दिसणारे काम

मी सुट्टीत मालेगावला चाचांकडे गेलो होतो. चाचा गाड्यांच्या भागांवर चित्रे रंगवतात. एके दिवशी एक तरुण स्कूटरचा प्लॅस्टिकचा मडगार्ड घेऊन आला. त्याला त्यावर निळे आकाश आणि पांढरे कबुतर हवे होते. ईद तीन दिवसांवर आली होती.

चाचा मला म्हणाले, "बेटा, गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग नीट धरत नाही. आधी मडगार्ड साबणाने धू. तेलाचा डाग राहू देऊ नकोस. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घास. सगळी चमक गेली पाहिजे."

मी घासू लागलो. तेवढ्यात मित्रांनी क्रिकेट खेळायला हाक मारली. खालची कड राहिली होती. "एवढीशी कड कोणाला दिसणार?" असे म्हणून मी पळालो.

चाचांनी तोंडाला मास्क लावला. प्रथम त्यांनी प्लॅस्टिकचा प्रायमर मारला. प्रायमर रंगाला प्लॅस्टिकशी जोडतो. मग निळ्या रंगाचे पातळ हात दिले. तो वाळल्यावर कागदाचा साचा लावून कबुतर रंगवले. शेवटी पारदर्शक लॅकर मारले. कबुतर जणू उडत होते!

रात्री मला झोप येईना. सकाळी मी चाचांना सारे खरे सांगितले. चाचांनी खालच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि झटकन ओढली. रंगाचा पापुद्रा निघून आला. घासलेल्या भागावर तशीच पट्टी ओढली, पण तेथला रंग निघाला नाही.

"आता गिऱ्हाइकाला तूच सांग," चाचा म्हणाले.

संध्याकाळी तो तरुण आला. मी मान खाली घालून म्हणालो, "भाईजान, चूक माझी आहे. मडगार्ड उद्या मिळेल." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पक्के काम कर."

त्या रात्री मी ती कड स्वतः घासली. चाचांनी ती पुन्हा रंगवली. ईदच्या दिवशी ती स्कूटर आमच्या गल्लीतून गेली. सगळे कबुतराकडे पाहत होते. मी मात्र खालची कड पाहत होतो.

शब्दार्थ
कड – काठ, किनार
पापुद्रा – पातळ थर
गिऱ्हाईक – वस्तू विकत घेणारा किंवा काम करून घेणारा

स्वाध्याय
१. मडगार्ड रंगवण्यापूर्वी कोणती कामे करावी लागतात?
२. लेखकाला रात्री झोप का आली नाही?
३. पाठाला 'न दिसणारे काम' हे नाव का दिले असेल?