हिमबिबट्याचे शेजारी

लडाखमधील लेह शहराजवळ सिंधू नदी ओलांडून पलीकडच्या डोंगरांत शिरले, म्हणजे झिंगचेनच्या अरुंद घळीतून एक पायवाट वर चढत जाते. काही तास चालल्यावर उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत हिरव्या शेतांचा एक लहानसा तुकडा दृष्टीस पडतो. तेच रुंबक गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटर उंचीवरील या गावात घरे आहेत अगदी मोजकी.

हिमालयाच्या उत्तुंग रांगा पावसाळी ढगांना अडवितात; म्हणून लेहच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो. हे वाळवंटच होय. मात्र थंड वाळवंट. वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने शेतात आणावे, तेव्हा उन्हाळ्यात सातूचे एक पीक हाती लागते. तेवढ्यावर वर्ष कसे निघावे? दूध, लोणी, लोकर आणि जळणासाठी शेण्या देणारी जनावरे हीच येथील खरी संपत्ती.

या संपत्तीवर डोळा ठेवणारा शेजारी म्हणजे हिमबिबट्या. लडाखी लोक त्याला 'शान' म्हणतात. राखाडी अंगावर काळसर ठिपके आणि जवळजवळ शरीराएवढी लांब, झुबकेदार शेपूट. खडकावर निश्चल बसला, तर जवळून जाणाऱ्यालाही तो दिसत नाही. १९८१ साली स्थापन झालेले हेमिस राष्ट्रीय उद्यान त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि रुंबक या उद्यानाच्या आतच वसलेले आहे.

भरल नावाची रानमेंढी हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. परंतु कधी कधी तो रात्री मेंढवाड्यात उडी घेतो. पूर्वी हे वाडे म्हणजे वर छप्पर नसलेल्या दगडी भिंती असत. आत कोंडलेला कळप भेदरून सैरावैरा धावू लागे आणि हिमबिबट्या दिसेल त्या जनावरावर झडप घाली. खाणार एक, पण मारणार दहा-वीस! एका रात्रीत एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची पुंजी नाहीशी होई. अशा वेळी संतापलेल्या माणसांनी त्या श्वापदाचा जीव घेतला, तर त्यांना दोष देणे सोपे. पण सकाळी तो वाडा उघडणाऱ्याचे दुःख समजणे अवघड.

यावर उपाय निघाला तो अगदी साधा. रिंचेन वांगचुक या लडाखी गृहस्थांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या लोकांशी बोलून वाड्यांवर तारेची मजबूत जाळी बसविण्यास साहाय्य केले. दारेही भक्कम केली. वाड्यातील संहार थांबला. पण कुरणावरचे नुकसान कसे भरून काढावे?

उद्यानात दूरदूरचे प्रवासी येत, तंबू ठोकीत आणि निघून जात. गावकऱ्यांच्या हाती त्यांच्याकडून फारसे काही पडत नसे. तेव्हा २००२ च्या सुमारास गावातील घरांतच पाहुण्यांना उतरवून घेण्याची प्रथा सुरू झाली. पाहुणे सर्व घरांत पाळीपाळीने जातात, म्हणजे एकाचीच भरभराट होऊन दुसरा उपाशी राहत नाही. बहुतेक व्यवहार घरातील स्त्रियाच पाहतात. चुलीजवळ बसवून त्या पाहुण्यांना लोणी व मीठ घातलेला चहा देतात. गोड चहाची सवय असलेल्याला पहिला घोट जड जातो!

कडाक्याच्या हिवाळ्यात भरल खाली उतरतात, त्यांच्यामागून हिमबिबट्या येतो, आणि ज्या महिन्यांत शेतात काहीच काम नसते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याला पाहण्यासाठी पाहुणे येतात. कड्यावरचा ठिपका कोणता आणि दगड कोणता, हे गुराख्याच्या नजरेला अचूक कळते. म्हणून वाटाड्या म्हणूनही तोच हवा असतो.

भारतातील हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी गणना २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत ७१८ पैकी ४७७ हिमबिबटे एकट्या लडाखात असल्याचा अंदाज निघाला. कुरणावरची एखादी शेळी तो अजूनही उचलतो. गुराखी त्याला शिव्या घालतो, आणि गावात परतल्यावर तो कोणत्या घळीत शिरला, हे पाहुण्यांना सांगतो.