तलावातील परके मासे : वेळीच पारख, वेळीच आवर

गावतलावातील माशांचे उत्पन्न घटू लागले, की दोष पावसाला किंवा मत्स्यबीजाला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण जाळ्यातच दिसत असते. मोठ्या रोहू-कटल्याऐवजी बोटाएवढ्या चिलापीचे ढीग येऊ लागतात आणि टोपल्या भरूनही मच्छीमाराच्या पदरी पैसा पडत नाही.

चिलापी, म्हणजेच टिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतील मासा. तो १९५२ मध्ये भारतात आणण्यात आला. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात त्यांचे प्रजनन होत नसल्यामुळे त्यांची बोटुकली दरवर्षी आणून सोडावी लागते. चिलापी मात्र दोन-तीन महिन्यांतच प्रजननक्षम होते, साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि मादी अंडी व पिले तोंडात धरून सांभाळते. संख्या वाढते, पण अन्न तेवढेच राहते. परिणामी तिची स्वतःची वाढ खुंटते व इतर माशांचीही उपासमार होते. राजस्थानातील जयसमंद तलावात चिलापी वाढल्यावर प्रमुख कार्प माशांचे सरासरी वजन घटले.

यावर पहिला उपाय म्हणजे नियमित नोंद. दर महिन्यास ठरलेल्या जागी, त्याच आसाच्या जाळ्याने मासे धरावेत आणि प्रत्येक जातीची संख्या व वजन वहीत लिहावे. मच्छीमार सहकारी संस्थेस या कामी शिक्षक व विद्यार्थी सहज साहाय्य करू शकतील. चिलापीचा वाटा चढता आणि सरासरी वजन उतरते दिसले, की धोका ओळखावा. काठच्या उथळ पाण्यात नराने उकरलेले ताटलीसारखे खड्डे हीदेखील तिच्या प्रजननाची खूण होय.

लहान तळे उन्हाळ्यात पूर्ण आटवून तळ वाळू द्यावा. आटविता न येणाऱ्या मत्स्यतळ्यात मत्स्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने मोहाची पेंड वापरता येते. एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी सुमारे २,५०० किलो पेंड लागते. तिच्यामुळे सर्वच मासे मरतात; म्हणून पिण्याच्या पाण्यात ती कदापि टाकू नये. मोठ्या तलावात समूळ उच्चाटन जवळजवळ अशक्य असते. तेथे चिलापी सतत पकडत राहणे, खड्डे मोडणे आणि रोहू-कटल्याची मोठी बोटुकली सोडणे, एवढेच हाती उरते. जाळ्यात आलेली देशी माशांची पिले मात्र जिवंत परत सोडावीत.

म्हणूनच परका मासा आत येऊ न देणे हे सर्वांत स्वस्त. १९७१ च्या पुरात एका मत्स्यक्षेत्रातून परदेशी सिल्व्हर कार्प हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात शिरला. पुढे तेथे त्याचेच प्राबल्य झाले व कटल्याचे उत्पन्न घटले. यास्तव तळ्याच्या आवक-जावक मार्गांवर बारीक जाळी बसवावी. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पारखून घ्यावे. आफ्रिकन मागूर माशाच्या संवर्धनास देशात २००० पासून बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे. घरातील शोभेचे मासेही तलावात सोडू नयेत. दयाबुद्धीने सोडलेला एखादा मासाही साऱ्या गावाच्या तलावास भारी पडू शकतो.