चालता चालता थांबणं

संध्याकाळी शिवाजी पार्काला फेरी मारताना ही काही विचारायची आणि मी उत्तर द्यायला थांबायचो. दोन पावलं पुढे गेलेली ही वळून म्हणायची, "अहो, चालता चालता बोला की." बोलताना माणसाकडे बघून बोलावं ही आपली जुनी सवय, असं मी धरून चाललो होतो. पण चाळिशीत मी याच रस्त्यानं मित्रांशी तावातावानं वाद घालत फिरलोय. हे थांबणं सत्तरीनंतर आलेलं होतं, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग एका सकाळी रस्त्यात बहिणीचा फोन आला. तिला कोल्हापूरच्या आत्येभावाचा पत्ता हवा होता. चालता चालताच आठवू लागलो. गल्ली आठवली, घरनंबर आठवेना, आणि फुटपाथ संपला ते पायाला कळलंच नाही. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी मनगटाआधी माझी चाल पाहिली. नुसतं चालायला सांगितलं तेव्हा नीट चाललो. मग म्हणाल्या, "काका, आता चालताना शंभरातून सात-सात वजा करत मोठ्यानं म्हणा." त्र्याण्णव म्हणालो, शहाऐंशी म्हणालो आणि पाय जागच्या जागी थांबले. त्या क्षणी मला ते पार्कातलं थांबणं आठवलं आणि अंगावर काटा आला.

तरुणपणी चालणं बरंचसं आपोआप होतं. वय वाढतं तशी तळपायाची जाणीव, नजर आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मंदावतो. मग ती तूट मेंदूचा पुढचा भाग लक्ष देऊन भरून काढतो. हिशेब, आठवण, संभाषण हे सगळंही त्याच भागाकडे असतं. दोन्ही कामं एकदम आली की एक मागे पडतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 साली 'लॅन्सेट'मध्ये वृद्धांच्या निवासातल्या 58 जणांची पाहणी छापली होती. बोलायला सुरुवात होताच 12 जण चालायचे थांबले, आणि त्यांतले 10 जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. थांबणं वाईट नाही, तो शरीराचा शहाणपणाच. पण तो निरोप आहे, आणि तो घरच्यांनाच आधी दिसतो.

म्हणून कळकळीनं सांगतो: फोन वाजला तर आधी थांबा, कशाला तरी धरा, मग उचला. जिना उतरताना बायफोकलच्या खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, तेव्हा मान खाली घालून वरच्या भिंगातून बघा. रात्री बाथरूमला उठताना पलंगावर क्षणभर बसा, विशेषतः रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर. मधुमेह असो वा नसो, पाय बधिर वाटत असतील तर डॉक्टरांना सांगा आणि बी-12 तपासायचं का तेही विचारा.

आणि सरावानं फरक पडतो. मी रोज ओट्याला हात टेकवून एका पायावर उभा राहतो, आणि घरच्या पॅसेजमध्ये, कुणी जवळ असताना, भाज्यांची नावं घेत चालतो. आता पंधरा-वीस नावांपर्यंत पाय चालू राहतात.

एक गोष्ट मात्र व्यायामावर सोडू नका. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागले, लघवी आवरेनाशी झाली आणि विसरणंही वाढलं, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका. मेंदूत पाणी साठूनही असं होतं, आणि वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेनं पुष्कळांची चाल सुधारते. न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच.

आमच्या घरी आता मला मागून कुणी हाक मारत नाही. नातू समोर येतो, मी थांबेपर्यंत वाट बघतो आणि मग विचारतो, "आजोबा, येऊ का बरोबर?"